फोटोपुरतं बोलायचं

माझी थोरली बहीण अमेरिकेत माजी सैनिकांच्या एका सरकारी हॉस्पिटलात डायग्नॉस्टिक रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट आहे. एवढं लांब पद आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. ‘ताई एक्सरे काढते’ असं सगळे म्हणतात, आणि सीटीसुद्धा काढते हे तिला दर वेळी जोडावं लागतं. आमचे मामा आर्मी मेडिकल कोअरमध्ये रेडिओग्राफर होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले, आता साताऱ्याजवळ राहतात. दोघांचा धंदा एक, आणि यंत्रापुढे उभा राहणारा माणूसही एकाच जातीचा : वर्दी घातलेला किंवा कधीकाळी घातलेला. तरीही दोघं एकत्र बसली की तासाभरात आवाज चढतात. गेल्या डिसेंबरात ती आली होती तेव्हाचा वाद मी जवळजवळ पूर्ण ऐकला. मध्ये बोलायची संधी मला फारशी मिळाली नाही, ती इथे घेतो.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारचं वेगळं आरोग्य खातं आहे. 1930 साली ते सुरू झालं, 1989 पासून त्याला मंत्रिमंडळात जागा आहे. सगळे त्याला ‘व्हीए’ म्हणतात. देशभर सुमारे 170 मोठी हॉस्पिटलं, शिवाय हजारावर लहान दवाखाने आणि नोंदलेले माजी सैनिक 90 लाखांच्या घरात. आपल्याकडे 2003 पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, पण तिची घडण निराळी : आपली पॉलिक्लिनिकं लहान, मोठ्या तपासण्यांसाठी चिठ्ठी घेऊन पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात जायचं. मामा तसंच जातात.

वादाची सुरुवात साध्या चौकशीनं झाली.

मामा : छातीच्या एका फोटोला किती वेळ घेतेस?

ताई : फोटोला दोन मिनिटं. माणसाला दहा.

मामा : मधली आठ कुठं जातात?

ताई : काय होतंय ते विचारण्यात.

मामा : ते डॉक्टरनं लिहून दिलेलं असतं की.

ताई : काय लिहिलेलं असतं? ‘गुडघेदुखी.’ संपलं. कधीपासून, कुठल्या बाजूला, पडला होता का, काही नाही. आणि मामा, फोटो वाचणारा डॉक्टर त्या माणसाला कधी बघतच नाही. कित्येकदा तो देशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो, व्हीएची स्वतःची टेलिरेडिओलॉजी आहे. आमच्या अख्ख्या विभागात त्या माणसाचा चेहरा बघणारी मी एकटी. मी जे चार शब्द टाइप करते, तेवढंच त्याचं म्हणणं पुढं जातं.

मामा : मग चार शब्द टाइप कर ना. चार शब्दांना आठ मिनिटं लागतात होय? 99 साली मी श्रीनगरला 92 बेस हॉस्पिटलात होतो. कारगिलचं चालू होतं. हेलिकॉप्टर उतरलं की एकामागून एक स्ट्रेचर. फिल्म डेव्हलपरमधून काढायची, फिक्सरमध्ये बुडवायची, आणि सर्जनसाहेब वाळायची वाट न बघता ओलीच उजेडाला धरायचे. पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळायचं. तिथं मी ‘बाबा रे, कसं वाटतंय’ विचारत बसलो असतो तर? आपलं काम फोटो. फोटोपुरतं बोलायचं. ‘साँस लो. रोको. छोडो.’ झालं.

ताई : तुमच्यापुढं जखम उघडी होती. माझ्यापुढं येणाऱ्याची जखम पन्नास-पंचावन्न वर्षांची आहे, वरून भरलेली. त्याची त्यालाच आठवण नसते.

मग तिनं एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. एमआरआयला जायचा होता. एमआरआयच्या आधी एक फॉर्म भरून घेतात : पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, शरीरात कुठे धातू आहे का. चुंबकाची ताकद एवढी असते की लोखंडाचा कण डोळ्याजवळ किंवा मणक्याजवळ असेल तर तो जागचा हलू शकतो. म्हाताऱ्यानं सगळीकडे ‘नाही’वर खूण केली. त्याच दिवशी छातीचा एक्सरे होता, तो ताईकडे. बोलता बोलता तिनं विचारलं, व्हिएतनामला कुठे होतात? म्हणाला, ह्यूला, 1968. तिनं पुढचा प्रश्न बदलला. शरीरात धातू आहे का, असं नाही विचारलं. जवळ कधी काही फुटलं होतं का, असं विचारलं. ‘हो, मॉर्टर. पण ते सगळं तेव्हाच काढलं.’ सगळं काढलेलं नव्हतं. फोटोत खांद्यामागे पांढरे ठिपके होते. एमआरआयवाल्यांना फोन गेला, आणि आधी डोळ्यांचा एक्सरे काढायचं ठरलं.

मामा : हे बरोबर केलंस. पण हा फोटोचाच प्रश्न आहे. छर्रा विचारणं मी गप्पांत धरत नाही.

ताई : तो छर्रा गप्पांतूनच निघाला ना! फॉर्मवर तर ‘नाही’ होतं.

मामा : मग फॉर्म बदला. प्रत्येक फौजीला लेखी विचारा, ‘कधी स्फोटाजवळ होता का?’ तुझ्या जागी उद्या न बोलणारं पोरगं आलं तर? माणसाच्या स्वभावावर सिस्टीम चालवायची नसते.

इथे मला मामांचं म्हणणं पटलं. ताईलाही पटलं असावं, कारण ती चहा आणायला उठली. पण ती आत असताना मामा मला म्हणाले, ‘पोरगी हुशार आहे, माझ्या लक्षात नसतं आलं.’ तिच्यासमोर मात्र बोलले नाहीत.

ती परत आल्यावर छर्ऱ्यांचाच विषय पुढे सरकला. 1991 च्या आखाती युद्धात काही अमेरिकी सैनिक आपल्याच बाजूच्या रणगाड्यांच्या माऱ्यात सापडले. त्या गोळ्यांत क्षीण केलेलं युरेनियम होतं, आणि त्याचे तुकडे काहींच्या शरीरात आजही आहेत. 1993 पासून बाल्टिमोरच्या व्हीए हॉस्पिटलात त्या लोकांची नियमित तपासणी होते, लघवीतलं युरेनियमसुद्धा मोजतात. एक्सरेत मात्र तुकडा लोखंडाचा की युरेनियमचा हे ओळखता येत नाही. पांढरा ठिपका तो पांढरा ठिपकाच. तो कुठल्या लढाईतला, हे विचारल्याशिवाय पुढची तपासणी सुचणारच नाही, असा ताईचा मुद्दा. मामांनी यावर फक्त ‘हं’ केलं.

खरं तर क्ष-किरण आणि फौज यांचं नातं पहिल्यापासूनचं. राँटगेनला हे किरण सापडले 8 नोव्हेंबर 1895 ला, आणि 1897-98 च्या तिराह मोहिमेत, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या वायव्य डोंगरात, बीव्हर नावाचा लष्करी सर्जन क्ष-किरणांचं यंत्र घेऊन पोचलासुद्धा. जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला. अमेरिकेत 8 नोव्हेंबरच्या आसपास रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्टांचा आठवडा साजरा होतो, आणि 11 नोव्हेंबरला माजी सैनिकांचा दिवस. ताईच्या विभागात दोन्ही केक एकाच फ्रिजमध्ये असतात म्हणे.

पुढचा वाद हाताचा होता. मला वाटलं होतं यंत्रावरून भांडतील, भांडले स्पर्शावरून.

कमरेचा फोटो काढायचा तर हाड हातानं चाचपून शोधावं लागतं. कंबरेच्या हाडाची कड, मांडीच्या बाजूचा उंचवटा, त्यावरून मध्य ठरतो. मामा म्हणाले, आम्ही सरळ हात लावायचो, पँटवरूनच हाड शोधायचो, तीन सेकंदांचं काम. ताई म्हणाली, मी आधी सांगते, मग विचारते, मग हात लावते. आणि मागून कधीच जात नाही.

मामा : विचारायचं काय त्यात? एक्सरेला आलाय म्हणजे हात लागणारच.

ताई : तुम्हाला माहीत आहे ना, काही लोक मागून हात लागला की काय करतात?

मामा : माहीत आहे. झोपलेल्या जवानाला उठवायचं तर पायाकडून, हाक मारून. हे आम्हाला पहिल्याच पोस्टिंगला शिकवलं होतं. खांद्याला हात लावलास तर ठोसा बसतो.

ताई : मग? माझ्याकडचा माणूस झोपलेला नसला तरी त्याच्यातलं काहीतरी अजून तिथंच असतं. सीटीच्या टेबलवर हात डोक्यावर घ्यायला सांगितले की काही जण घट्ट होतात. हात वर, पाठ टेकलेली, अनोळखी माणूस वरून बघतोय. पकडलं गेल्यासारखं. मग मी आधी सांगते : आता हात वर घ्यायचेत, वीस सेकंद, मी काचेमागे आहे, मला तुमचा आवाज ऐकू येतो. बायकांच्या बाबतीत तर आणखी. व्हीएमध्ये आलेल्या प्रत्येकाला, पुरुषालासुद्धा, नोकरीत असताना लैंगिक अत्याचार झाला होता का, असं विचारतात. त्याची नोंद असो वा नसो, मी प्रत्येकीशी असंच वागते.

यावर मामा बराच वेळ गप्प बसले. हा विषय त्यांच्या पिढीनं मोठ्यानं बोलायचा नसतो, आणि माझ्याही नाही. मग त्यांनी जरा बाजू बदलली.

मामा : बरं, सगळं मान्य. पण एक सांग. एवढं गोड बोललीस, ‘प्लीज’, ‘चालेल का’, तर जुना हवालदार काय करतो?

ताई : (हसून) गोंधळतो.

मामा : मग! त्याला हुकूम लागतो. ‘हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. रोका.’ चार शब्द, स्पष्ट. त्याला त्यातच मोकळं वाटतं. कारण काय करायचं हे ठरवायचं ओझं त्याच्यावर राहत नाही. तुमच्या त्या समजूतदार भाषेत तो बिचारा हरवतो.

ताई : खरं आहे. मी मरीनवाल्यांशी तशीच बोलते. आधी विचारते, एकदा हो म्हणाला की हुकूम.

मामा : हे माझ्याकडून घेतलंस.

ताई : लहानपणी तुम्ही आम्हाला असंच उभं करायचात, फोटो काढताना. घरच्या कॅमेऱ्यानं.

मग रात्री जेवण झाल्यावर खरा विषय निघाला. मला वाटतं दोघांना दिवसभर तोच काढायचा होता.

अमेरिकेत माजी सैनिकाला नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची टक्केवारी ठरते, दहाच्या पटीत, शून्यापासून शंभरापर्यंत. त्यावर महिन्याचे पैसे. ताईकडे येणारे काही जण स्वतःची ओळखच अशी करून देतात : ‘मी सत्तर टक्के.’ त्यासाठी वेगळी तपासणी होते आणि तिच्यात एक्सरे असतोच. सांध्यांच्या झिजेचा नियम तर एक्सरेभोवतीच बांधलेला आहे : हालचाल शाबूत असली, तरी दोन किंवा जास्त मोठ्या सांध्यांत झीज एक्सरेत दिसली, तर 10 टक्के. आपल्याकडे मेडिकल बोर्ड बसतो आणि आजार नोकरीमुळे झाला की नोकरीनं वाढला, यावर अख्खी पेन्शन फिरते. मामांनी बोर्डासाठी शेकडो फिल्मा काढल्या.

मामा : इथं मी ठाम आहे. बोर्डाच्या फोटोला माणसाशी एक अक्षर जास्त बोलायचं नाही. तो रडेल, पोरीचं लग्न सांगेल, तुझं मन विरघळेल. प्लेट खोटं बोलत नाही. प्लेटला बोलू द्यायचं.

ताई : प्लेट खोटं बोलत नाही, पण विचाराल तेवढंच सांगते. गुडघा झोपवून काढला की दोन हाडांतली फट चांगली दिसते. उभं करून, अंगाचं वजन टाकून काढला की तीच फट मिटलेली दिसते. माणूस एकच, गुडघा एकच. एका फोटोत ‘किरकोळ’, दुसऱ्यात ‘कूर्चा संपली’. 1988 मध्ये रोझेनबर्ग नावाच्या डॉक्टरनं तर दाखवून दिलं की उभं राहून गुडघे 45 अंशांत वाकवले तर सरळ उभ्या फोटोत सुटणारी झीजसुद्धा पकडता येते. आता सांगा, झोपवून फोटो काढला तर खोटं कोण बोललं?

मामा : काढणारा.

ताई : बरोबर. आणि उभा काढायचा हे सुचायला दुखतं कधी ते विचारावं लागतं.

मामा : नाही. गुडघा म्हटलं की उभा, हा नियम कर. पुन्हा तेच सांगतो. तुझ्या दयेवर त्याची टक्केवारी नको. दयेनं आज एकाला उभा करशील, उद्या दमलेली असलीस की दुसऱ्याला झोपवशील.

मामांचा हा मुद्दा मला त्या रात्री सगळ्यात वजनदार वाटला, आजही वाटतो. पण ताईकडे त्याच्यापुढचा होता.

इराक-अफगाणिस्तानात अमेरिकी तळांवर कचरा उघड्यावर जाळायचे. प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधं, रंग, सगळं, आणि पेटवायला विमानाचं इंधन. त्या धुरात राहून आलेले तरुण सैनिक धापा टाकायला लागले. धावण्याच्या परीक्षेत नापास होऊ लागले. एक्सरे नॉर्मल. सीटीत फारसं काही नाही. काहींच्या इतर तपासण्याही चांगल्या. 2011 मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशा 49 सैनिकांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून बघितला. 38 जणांना कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्किओलायटिस निघाला, म्हणजे श्वासाच्या सगळ्यात बारीक नळ्या व्रण पडून आवळलेल्या.

ताई : हे लोक माझ्यापुढं उभे राहायचे, मामा. तिशीतले, अंगानं भक्कम. मी छातीचा फोटो काढायची. स्वच्छ. एकदम सुंदर फोटो. आणि तो माणूस पार्किंगपासून चालत आला म्हणून दम खात उभा. तुमची प्लेट तेव्हा काय बोलली?

मामा : काही नाही बोलली.

ताई : आणि वरच्या लोकांनी त्या गप्प प्लेटचा अर्थ काय घेतला? ‘काही नाही.’ म्हणून 2022 च्या ऑगस्टमध्ये पॅक्ट कायदा करावा लागला. आता ठरलेल्या प्रदेशात नोकरी केलेल्यानं ठरलेला आजार दाखवला, तर तो नोकरीमुळेच झाला असं सरकार गृहीत धरतं. धूर छातीत गेला होता हे त्यानं सिद्ध करायचं नाही.

मामा : गृहीत धरतं म्हणजे पुरावा मागत नाही. मग खोटे पण घुसणार.

ताई : घुसतील थोडे.

मामा : आमच्याकडेही तेच म्हणतात. ‘थोडे खोटे’ म्हणून खऱ्यांचे हाल.

हे वाक्य मामांनी ताईच्या विरोधात सुरू केलं होतं आणि संपलं तिच्या बाजूनं. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

फुप्फुसांवरून ताई सिगारेटवर आली. अमेरिकी फौजेच्या रेशनच्या डब्यात 1975 पर्यंत सिगारेटी मिळायच्या, जेवणासोबत, सरकारी खर्चानं. आता तेच सरकार त्या लोकांना फुप्फुसाच्या कॅन्सरच्या चाचणीला बोलावतं : वय 50 ते 80, वीस वर्षं रोज एक पाकीट किंवा तेवढाच हिशेब, आणि सोडून पंधरा वर्षं झालेली नसावीत. वर्षाला एकदा कमी मात्रेचं सीटी. मात्रा किती, हा मामांचा जिव्हाळ्याचा विषय. साधारण दीड मिलिसीव्हर्ट, ताईनं सांगितलं, वर्षभरात जमिनीतून-हवेतून मिळतात त्याच्या निम्मे. मामांना ते कमी वाटलं, मग संशयास्पद वाटलं.

मामा : आणि शिशाचा पट्टा घालता ना पेशंटच्या कमरेवर?

ताई : नाही. बंद केलं.

मामा : बंद?

ताई : 2019 मध्ये तिथल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, नेहमीच्या फोटोत पेशंटवर शिसं ठेवायची गरज नाही. नवी यंत्रं किरणांची मात्रा आपोआप ठरवतात. शिसं मध्ये आलं तर यंत्राला वाटतं माणूस जाड आहे, आणि ते मात्रा वाढवतं. फायदा नगण्य, फोटो झाकला गेला की पुन्हा काढा.

मामा : पंचवीस वर्षं मी प्रत्येकाला पट्टा घातला.

ताई : तेव्हा बरोबरच होतं.

मामांना हे आवडलं नाही. त्यांनी बराच वेळ अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या आपल्या जुन्या टीएलडी बॅजबद्दल सांगितलं, दर तीन महिन्यांनी तो कसा जायचा, रिपोर्ट कसा यायचा. ताईनं ऐकून घेतलं. या एका गोष्टीत मी पूर्ण तिच्या बाजूचा आहे, पण मामांचा चेहरा बघून काही बोललो नाही.

आणि मग एक उलटंच घडलं. दिवसभर ‘फोटोपुरतं बोलायचं’ म्हणणारे मामा सांगायला लागले की फोटो झाल्यावर जवान विचारायचा, ‘उस्ताद, टूटा तो नहीं?’ आणि ते सांगून टाकायचे. ‘नहीं टूटा, जा.’ किंवा, ‘टूटा है, घरवालों को चिट्ठी लिख.’ साहेबांचा रिपोर्ट यायच्या आत.

ताई : मी हे कधीच करू शकत नाही.

मामा : दिसतं तुला तर?

ताई : दिसतं. परवा एकाच्या फुप्फुसात गाठ दिसली. लिंबाएवढी. तो म्हणाला, ‘काय दिसतंय, बाळ?’ मी म्हणाले, ‘फोटो चांगला आलाय, डॉक्टर बघून सांगतील.’ आत जाऊन लगेच रेडिओलॉजिस्टला फोन केला. पण त्याला सांगितलं नाही.

मामा : दहा मिनिटं त्याच्याशी त्याच्या नातवंडांबद्दल बोललीस, आणि ही गोष्ट नाही सांगितलीस?

ताई : निदान करायचा मला अधिकार नाही. आणि मी चुकले तर?

मामा : मग ते दहा मिनिटांचं बोलणं कशासाठी होतं? त्याला वाटलं असणार, ही आपली आहे. आणि नेमक्या वेळी तू काचेमागे गेलीस.

ताई : आपली असले तरी निदान माझ्या हातात नाही. मी गप्प राहिले कारण माझ्या एका शब्दावर तो घरी जाऊन मृत्युपत्र करेल, आणि उद्या ती जुन्या टीबीची गाठ निघेल. तुम्ही ‘नहीं टूटा’ म्हणालात आणि एखादा बारीक तडा सुटला, तर तो जवान त्याच पायावर गस्तीला गेला असेल.

मामा : गेला असेल एखादा.

यावर मी मध्ये पडलो. म्हणालो, मामा, बोलायचं किती हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तुमची जागा चुकली. फोटोआधी बोलायचं, फोटोनंतर गप्प. ताईला हे वाक्य आवडलं, मामांना नाही. ते म्हणाले, तू कधी कुणाचा फोटो काढला नाहीस, म्हणून तुला वाक्यं सुचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मामांच्या कपाटात काहीतरी शोधत होती आणि तिला एक्सरेचं तपकिरी पाकीट मिळालं. हे आपल्याकडे छान आहे, ती म्हणाली, माणसाचा फोटो माणसाच्या घरात. तिच्या हॉस्पिटलात सगळं संगणकात, आणि बाहेर काढलेले फोटो तर कधी सीडीवर येतात, कधी येतच नाहीत. 2018 च्या कायद्यानं तिथेही लांब राहणाऱ्यांना, किंवा फार वाट बघावी लागणाऱ्यांना, खासगीत पाठवतात, आपल्या पॅनेलसारखंच. फोटो हरवला की पुन्हा काढायचा, पुन्हा मात्रा. मामांना गावाजवळ मिळतं ते बरं वाटतं. ताईला वाटतं फौजींसाठीच असलेल्या जागेत फौजींना जे विचारलं जातं ते बाहेर विचारत नाहीत. या मुद्द्यावर दोघं तीन वाक्यांत दमले आणि ताईनं फिल्म खिडकीला धरली.

ताई : मामा, हा तुमचाच गुडघा?

मामा : दिवाळीच्या आधी काढला. नॉर्मल आहे. दुखतो मात्र.

ताई : झोपवून काढलाय.

मामांनी फिल्म तिच्या हातातून घेतली. स्वतः खिडकीला धरली. चष्मा वर करून, खाली करून बघितली.

मामा : पोरगं घाईत होतं.

ताई : तुम्ही सांगितलं का, जिना उतरताना दुखतं म्हणून?

मामा : त्यानं विचारलं नाही. आणि विचारायची गरजच नव्हती! गुडघा म्हटलं की उभा, हे त्याला शिकवायला हवं होतं. ही चूक न ऐकण्याची नाही, न शिकवण्याची आहे.

ताई : चिठ्ठीवर ‘समोरून आणि बाजूनं’ एवढंच लिहिलं होतं. त्यानं लिहिलं तेवढं केलं. तुमच्या हिशेबानं पोरगं बरोबर आहे.

मामा : माझ्या हिशेबानं ते माझ्या हाताखाली दोन महिने हवं होतं.

ताई : पुन्हा जा. आणि फौजेत होतो हेही सांगा.

मामा : ते कशाला? माझ्या पाठीवर कुठं तीस किलोचा पिट्टू होता? मी रेडिओग्राफर. गुडघा तर डार्करूममध्ये गेला. फरशीवर फिक्सर सांडला होता, अंधार, घसरलो. चार दिवस लंगडत फिल्मा धुतल्या.

ताई : म्हणजे ड्यूटीवर? मग ते कुठं नोंदवलं?

मामा : चार दिवसांच्या लंगडण्याची नोंद कोण करतं?

ताई : तुम्ही बोर्डासाठी शेकडो गुडघ्यांचे फोटो काढलेत.

मामा : म्हणून तर. रोज रांगेत बघत होतो कोण कशासाठी येतं. आपणही त्या रांगेत उभं राहावं असं वाटलं नाही. ते राहू दे आता. त्या फोटोत गुडघा किती वाकवायचा म्हणालीस?

ताई : पंचेचाळीस अंश. दोन्ही गुडघे एकदम, आणि ट्यूब दहा अंश खाली.

मामा : लिहून दे. त्या पोराला तोंडी सांगितलेलं कळायचं नाही.